बँक खात्याची माहिती तिसऱ्याच्या हाती : संमती देण्यापूर्वी आणि दिल्यानंतर

रिसाली (भिलाई, छत्तीसगड) : कर्ज, विमा किंवा गुंतवणुकीसाठी अर्ज करणाऱ्या ग्राहकाच्या मोबाइलवर आता अनेकदा एक विनंती येते. ‘आपल्या बँक खात्याची माहिती अमुक संस्थेला देण्यास आपली संमती आहे काय?’ घाईत असलेला अर्जदार ती न वाचताच मंजूर करतो. वस्तुतः ही विनंती म्हणजे केवळ एक बटण नव्हे. तो एक दस्तऐवज आहे. माहिती कोणाला, कशासाठी, किती वेळा आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, हे त्यात नमूद असते. दिलेली संमती मागे घेण्याचा अधिकारही ग्राहकाला आहे. मात्र संमती मागे घेतली तरी तोवर दिली गेलेली माहिती आपोआप परत येत नाही. त्यामुळे खरा निर्णय संमती देण्याच्या क्षणीच घ्यावा लागतो.

दुर्ग जिल्ह्यातील रिसाली हे भिलाई पोलाद प्रकल्पाच्या वसाहतीला लागून वाढलेले शहर. भिलाई महानगरपालिकेपासून वेगळे होऊन आता तेथे स्वतंत्र महानगरपालिका आहे. प्रकल्पाच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. हा भाग १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. त्यामुळे विदर्भाशी त्याचा संबंध जुना आहे आणि मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. अशा औद्योगिक वसाहतीतील घरांचे अर्थकारण बव्हंशी बँक खात्यातून चालते. दरमहा ठरलेल्या तारखेला जमा होणारा पगार, निवृत्तीनंतर एकरकमी मिळालेली पुंजी, मुदत ठेवींवरील व्याज आणि निवृत्तिवेतन या साऱ्यांची नोंद तेथे असते. कर्ज देणारी, विमा विकणारी किंवा गुंतवणुकीचा सल्ला देणारी कोणतीही संस्था अशा नियमित उत्पन्नाच्या खात्याचा तपशील पाहण्यास उत्सुक असणे स्वाभाविक आहे.

खातेउतारा काय सांगतो?

खातेउतारा म्हणजे केवळ शिल्लक रकमेचा आकडा नव्हे. औषधाच्या दुकानात दरमहा किती पैसे जातात, कोणत्या रुग्णालयात देयक भरले, मुलाच्या शिकवणीचे शुल्क किती, कोणत्या देवस्थानाला वा पक्षाला देणगी दिली, गावाकडे कोणाला पैसे पाठवले आणि महिन्याच्या अखेरीस हातात काय उरले, हे सर्व त्यातून कळते. यूपीआयमुळे चहाच्या टपरीवरील दहा रुपयांचीही नोंद खात्यात होते. एका वर्षाचा उतारा वाचणाऱ्याला त्या घराचे आजारपण, श्रद्धा, नातेसंबंध आणि अडचणी यांचा बराचसा अंदाज बांधता येतो.

बँकेने ही माहिती गोपनीय ठेवावी, हा दंडक जुना आहे. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९२४ मध्ये ‘टूर्नियर’ खटल्यात बँकेचे गोपनीयतेचे कर्तव्य स्पष्ट केले. कायद्याचा आदेश, सार्वजनिक हित, बँकेचे स्वतःचे हित आणि ग्राहकाची संमती असे त्याचे चार अपवादही त्या न्यायालयाने सांगितले. भारतात १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण कायद्याने राष्ट्रीयीकृत बँकांवर गोपनीयतेचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेशी संबंधित प्रकरणात आणखी एक पाऊल पुढे टाकले. ग्राहकाची कागदपत्रे बँकेच्या ताब्यात गेली म्हणून त्यांवरील त्याचा खासगीपणाचा हक्क संपत नाही, असे तत्त्व न्यायालयाने मान्य केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

आज बँकेकडील माहिती खासगी संस्थांकडे जाण्याचा राजमार्ग वरील चार अपवादांपैकी शेवटचा, म्हणजे ग्राहकाची संमती हाच आहे. संमतीचे स्वरूप नीट समजून घेण्याची गरज त्यामुळेच निर्माण होते.

जुने मार्ग आणि त्यांतील धोका

खात्याची माहिती दुसऱ्या संस्थेला देण्याचे तीन मार्ग आजवर रूढ होते आणि काही ठिकाणी ते अजूनही वापरले जातात. पहिला मार्ग म्हणजे स्टेटमेंटची पीडीएफ प्रत ई-मेल किंवा व्हॉट्सॲपवर पाठवणे. ही प्रत एजंटच्या मोबाइलमध्ये, शाखेच्या संगणकात आणि मध्यस्थाच्या ई-मेलमध्ये किती काळ राहते, याचा हिशेब कोणीही ठेवत नाही. दुसरा मार्ग म्हणजे नेट बँकिंगचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड एखाद्या ॲपला देणे. यात केवळ माहितीच नव्हे, तर थेट खात्याची किल्लीच दुसऱ्याच्या हाती जाते. तिसरा मार्ग म्हणजे मोबाइलवरील सर्व एसएमएस वाचण्याची परवानगी ॲपला देणे. त्यात बँकेच्या संदेशांबरोबर इतर खासगी मजकूरही वाचला जाऊ शकतो.

या तिन्ही मार्गांत एक समान उणीव आहे. माहिती कशासाठी दिली, कोणत्या मुदतीसाठी दिली आणि ती परत कशी थांबवायची, याची नोंद ग्राहकाजवळ राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०१६ रोजी ‘अकाउंट ॲग्रीगेटर’ या नव्या प्रकारच्या वित्तीय कंपन्यांसाठी निर्देश जारी केले. मराठीत त्यांना ‘खाते संकलक’ म्हणता येईल. प्रत्यक्षात ही व्यवस्था २ सप्टेंबर २०२१ रोजी व्यापक प्रमाणावर सुरू झाली. ती सुरू होऊन चार वर्षे पूर्ण झाली त्या सुमारास, सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने तिचा आढावा प्रसिद्ध केला. त्यानुसार २.२ अब्जांहून अधिक वित्तीय खाती या व्यवस्थेतून माहिती देण्यास सज्ज होती आणि ११ कोटींहून अधिक वापरकर्त्यांनी आपली खाती तिला जोडली होती.

माहिती बघू न शकणारा मध्यस्थ

या व्यवस्थेत तीन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणजे माहिती देणारी संस्था : बँक, म्युच्युअल फंड, विमा कंपनी, डिपॉझिटरी किंवा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचे अभिलेख सांभाळणारी यंत्रणा. वस्तू आणि सेवा कराचे जाळे चालवणारी जीएसटीएन ही संस्थाही नोव्हेंबर २०२२ पासून या यादीत आहे. दुसरा पक्ष म्हणजे माहिती वापरणारी संस्था : कर्ज देणारी बँक वा वित्त कंपनी, विमा कंपनी, गुंतवणूक सल्लागार. ही संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक प्राधिकरण किंवा निवृत्तिवेतन निधी नियामक प्राधिकरण यांपैकी कोणत्या तरी नियामकाच्या कक्षेत असावी लागते. तिसरा पक्ष म्हणजे या दोहोंच्या मधला खाते संकलक.

खाते संकलकाला रिझर्व्ह बँकेचे नोंदणी प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि त्याच्याजवळ किमान दोन कोटी रुपयांचा स्वनिधी असावा लागतो. त्याला दुसरा कोणताही व्यवसाय करता येत नाही. ग्राहकाचे आर्थिक व्यवहार तो करू शकत नाही, बँकेचा पासवर्ड वा पिन मागू शकत नाही आणि त्याच्यामार्फत जाणारी आर्थिक माहिती स्वतःजवळ साठवू शकत नाही. माहिती बँकेकडूनच कूटबद्ध होऊन निघते आणि ती उलगडण्याची किल्ली केवळ मागणी करणाऱ्या संस्थेजवळ असते. टपाल खात्याचा कर्मचारी मोहोरबंद पाकीट पोहोचवतो, आतील पत्र वाचत नाही. तसेच हे काम आहे. फरक इतकाच, की येथे पाकीट पाठवावे की नाही, हे ग्राहकाची परवानगी तपासल्याखेरीज ठरत नाही.

ग्राहकाच्या दृष्टीने प्रक्रिया अशी असते. कर्जाचा अर्ज करताना तो एखाद्या संकलकाच्या सेवेत मोबाइल क्रमांकाने नोंदणी करतो. त्या क्रमांकाशी निगडित खाती शोधली जातात. हवे ते खाते जोडण्यासाठी संबंधित बँक ओटीपी पाठवते. त्यानंतर संमतीची विनंती समोर येते. ग्राहक ती मंजूर करतो किंवा नाकारतो. एकापेक्षा अधिक खाती जोडलेली असली, तरी त्यांपैकी कोणत्या खात्याची माहिती द्यायची, हे ठरवण्याची मुभा त्याला असते. घरखर्चाच्या खात्याची माहिती देऊन ठेवींचे खाते वगळता येते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ‘ओटीपी कोणालाही देऊ नका’ हा इशारा सर्वांना पाठ आहे आणि या प्रक्रियेत मात्र ओटीपी वापरावा लागतो. या दोहोंत विरोध नाही. ग्राहकाने स्वतः सुरू केलेल्या प्रक्रियेत, संदेशातील कारण वाचून, स्वतःच्या हाताने ओटीपी भरणे वेगळे. फोनवरील अनोळखी व्यक्तीला तो सांगणे, किंवा तिने पाठवलेल्या दुव्यावर तो टाकणे वेगळे. कोणत्याही खाते संकलकाचा वा बँकेचा प्रतिनिधी ओटीपी तोंडी मागत नाही.

संमतिपत्रातील ओळी

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार इलेक्ट्रॉनिक संमतिपत्रात काय असावे, हे निश्चित आहे. ग्राहकाची ओळख, मागितलेल्या माहितीचे स्वरूप, ती मागण्याचा उद्देश, ती मिळवणाऱ्याची ओळख, संमती दिल्याची तारीख, ती संपण्याची तारीख आणि खाते संकलकाची डिजिटल स्वाक्षरी यांचा त्यात समावेश होतो. संमतीचा वापर झाल्याची सूचना कोठे पाठवायची, हेही त्यात नोंदवले जाते. नंतर कोणालाही तपासता येईल अशी नोंद ठेवणे संकलकावर बंधनकारक आहे.

यातील पाच बाबी ग्राहकाने आवर्जून वाचाव्यात.

पहिली बाब उद्देशाची. एकदाच कर्जाची पात्रता तपासणे हा एक उद्देश आहे. खात्यावर सतत लक्ष ठेवणे हा दुसरा. तांत्रिक मानकांत या दोहोंसाठी स्वतंत्र संकेतांक दिलेले आहेत. संपत्ती व्यवस्थापन आणि खर्चाच्या सवयींचा अहवाल हे आणखी वेगळे उद्देश आहेत. कर्जासाठी अर्ज केला असताना समोर खर्चाच्या सवयींच्या अहवालाची विनंती आली, तर विचारणा करण्यास पुरेसे कारण आहे.

दुसरी बाब माहितीच्या खोलीची. केवळ खातेदाराचा तपशील, खात्याचा गोषवारा आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद अशा तीन पातळ्यांवर माहिती मागता येते. पुष्कळ वेळा गोषवारा पुरेसा असतो, तरी संपूर्ण व्यवहार मागितले जाऊ शकतात.

तिसरी बाब कालखंडाची. मागील सहा महिन्यांचे व्यवहार की मागील तीन वर्षांचे, हे संमतिपत्रात स्पष्ट असते.

चौथी बाब वारंवारितेची आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित होणारी. संमती एकदाच माहिती देण्यासाठी आहे की ठरावीक अंतराने पुनःपुन्हा, हे येथे कळते. समजा, रिसालीतील एका निवृत्त कामगाराने घराच्या दुरुस्तीसाठी तीन वर्षांचे कर्ज घेतले आणि दरमहा एकदा माहिती घेण्याची, तीन वर्षे चालणारी संमती दिली. त्या एका होकारातून त्याच्या खात्याचा तपशील छत्तीस वेळा मागवता येईल. या काळात खात्यात जमा झालेली मुलीच्या लग्नासाठीची रक्कम, आजारपणाचा खर्च किंवा भावाला दिलेली उसनवारी, सर्व काही त्या तपशिलात येईल. कर्ज देणाऱ्याला कर्ज फिटेपर्यंत खात्याची स्थिती पाहण्याचे सयुक्तिक कारण असू शकते. परंतु ते कारण ग्राहकाला समजलेले असणे, ही संमतीची पूर्वअट आहे.

पाचवी बाब साठवणुकीची. माहिती केवळ पाहिली जाणार की साठवली जाणार आणि साठवली तर किती काळ, हे संमतिपत्रात लिहिलेले असते. संमतीची मुदत आणि माहिती बाळगण्याची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संमती एका दिवसात संपू शकते, पण मिळालेली माहिती अनेक महिने संस्थेजवळ राहू शकते.

संमती मागे घेणे

दिलेल्या संमतीची यादी खाते संकलकाच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर पाहता येते. चालू असलेल्या, मुदत संपलेल्या आणि मागे घेतलेल्या संमती तेथे वेगवेगळ्या दिसतात. चालू संमती निवडून ती रद्द करता येते. त्यासाठी कर्ज देणाऱ्या संस्थेची परवानगी लागत नाही. तांत्रिक मानकांत संमती तात्पुरती स्थगित करण्याचीही तरतूद आहे. संमती रद्द झाल्यानंतर त्या संमतिपत्राच्या आधारे बँकेकडून नवी माहिती निघू शकत नाही.

अनेक ग्राहकांच्या बाबतीत अडचण वेगळीच असते. अर्ज करताना कर्ज देणाऱ्याच्या ॲपमधूनच संकलकाचा पडदा उघडतो आणि काम झाल्यावर मिटतो. आपली संमती नेमक्या कोणत्या संकलकाकडे नोंदली गेली, हे काही महिन्यांनी आठवत नाही. वेगवेगळ्या अर्जांसाठी वेगवेगळे संकलक वापरले गेले असल्यास यादी एका ठिकाणी दिसत नाही. म्हणून संमती देताना संकलकाचे नाव आणि तारीख वहीत टिपून ठेवणे किंवा त्या पडद्याचे छायाचित्र जपून ठेवणे, हा साधा उपाय उपयोगी पडतो. नोंदणीकृत संकलकांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर पाहता येते.

संमती मागे घेण्याच्या मर्यादाही स्पष्टपणे समजून घ्याव्यात. ती रद्द केल्याने कर्ज रद्द होत नाही आणि कर्जाच्या करारातील अटी कायम राहतात. संस्थेने आधी मिळवलेल्या माहितीवर घेतलेला निर्णयही बेकायदा ठरत नाही. आधीची माहिती पुसून टाकण्याची मागणी ग्राहकाला करता येते. परंतु आर्थिक व्यवहारांचे अभिलेख ठरावीक काळ जपण्याचे बंधन वित्तीय संस्थांवर इतर कायद्यांनी घातले आहे. उदाहरणार्थ, मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यात हा काळ पाच वर्षांचा आहे. त्यामुळे कर्ज घेतलेल्या ग्राहकाच्या नोंदी लगेच नाहीशा होत नाहीत. अर्ज नाकारला गेलेल्या वा ग्राहकानेच मागे घेतलेल्या प्रकरणात मात्र माहिती पुसण्याची लेखी मागणी अवश्य करावी.

कर्ज देणारी ॲप

खाते संकलकाच्या व्यवस्थेबाहेर मोबाइल ॲपवरून कर्ज देणाऱ्यांचे मोठे जग आहे. कर्जदाराच्या मोबाइलमधील संपर्क यादी आणि छायाचित्रे मिळवून नंतर नातेवाइकांना फोन करण्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ रोजी डिजिटल कर्जवाटपाविषयी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांची जागा ८ मे २०२५ रोजी एकत्रित निर्देशांनी घेतली.

या नियमांनुसार कर्ज देणाऱ्या ॲपने मोबाइलमधील फाइली, छायाचित्रे, संपर्क यादी आणि कॉलच्या नोंदी यांना हात लावू नये. ग्राहकाची ओळख पटवण्यासाठी कॅमेरा, मायक्रोफोन किंवा ठिकाण यांची परवानगी एकदाच, तीही स्पष्ट संमतीने घेता येते. विशिष्ट माहिती देण्यास नकार देणे, ती तिसऱ्या पक्षाला देण्यावर निर्बंध घालणे, दिलेली संमती मागे घेणे आणि माहिती पुसण्यास सांगणे, हे पर्याय कर्जदाराला उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. माहिती भारतातील सर्व्हरवरच साठवावी लागते. नियमित संस्थांशी संलग्न असलेल्या कर्ज ॲपची सूची रिझर्व्ह बँकेने जुलै २०२५ पासून आपल्या संकेतस्थळावर उपलब्ध केली आहे. ज्या ॲपचे नाव त्या सूचीत नाही, त्याला खात्याची माहिती देण्यापूर्वी थांबणे श्रेयस्कर.

संमती नव्हे, खातेच दिले तर

माहिती देणे आणि खाते देणे यांतील सीमारेषा भिलाई परिसराने जवळून पाहिली आहे. ‘महादेव ऑनलाइन बुक’ या सट्टा ॲपच्या प्रकरणात मुख्य प्रवर्तक म्हणून ज्यांची नावे तपास यंत्रणांनी घेतली, ते मूळचे भिलाईचे. बेनामी बँक खात्यांच्या जाळ्यातून सट्ट्याचा पैसा फिरवला गेला, असा सक्तवसुली संचालनालयाचा आरोप आहे. केंद्र सरकारने ५ नोव्हेंबर २०२३ रोजी या ॲपसह २२ बेकायदा सट्टा ॲप आणि संकेतस्थळांवर बंदी घालण्याचे आदेश जाहीर केले. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.

सामान्य खातेदाराच्या दृष्टीने यातील बोध असा. पासबुक, एटीएम कार्ड, खात्याशी जोडलेले सिमकार्ड किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड थोड्या पैशांच्या मोबदल्यात दुसऱ्याच्या हवाली करणे, याला कोणत्याही कायद्यात ‘संमती’ म्हणत नाहीत. अशा खात्यातून झालेल्या व्यवहाराची पहिली विचारणा खातेदाराकडेच होते. खाते गोठवले गेले, तर त्यातील स्वतःचा पगार वा निवृत्तिवेतनही अडकून पडते. संमतिपत्राने ग्राहक माहिती पाहू देतो. पासवर्ड देऊन तो स्वतःचे नाव वापरू देतो.

आर्थिक नुकसानीच्या जबाबदारीवरही याचा परिणाम होतो. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची वा बँकेची चूक नसताना अन्यत्र झालेल्या त्रुटीमुळे पैसे गेले आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर जबाबदारी येत नाही. मात्र त्याने स्वतः पासवर्ड वा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्यालाच सोसावे लागते.

जेथे संमती लागत नाही

काही माहिती ग्राहकाला न विचारता दिली जाते आणि त्याला कायद्याचा आधार आहे. २००५ च्या पतमाहिती कंपन्यांविषयीच्या कायद्यानुसार प्रत्येक बँकेला कर्जाच्या परतफेडीची माहिती पतमाहिती कंपन्यांना द्यावी लागते. ‘सिबिल स्कोअर’ याच माहितीवर ठरतो. बचत खात्यात एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपये वा त्याहून अधिक रोकड जमा झाल्यास बँक ते प्राप्तिकर विभागाला कळवते. न्यायालयाचा वा तपास यंत्रणेचा कायदेशीर आदेश हा आणखी एक मार्ग. या बाबी संमती मागे घेऊन थांबवता येत नाहीत.

तरीही ग्राहक येथे अगदीच निरुपाय नाही. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. कोणी आपला अहवाल पाहिला, तर एसएमएस किंवा ई-मेलने कळवण्याची व्यवस्था एप्रिल २०२४ पासून लागू आहे. चुकीची नोंद दुरुस्त करण्यास तक्रारीनंतर ३० दिवसांहून अधिक काळ लागला, तर दररोज १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूदही आहे. आपण अर्ज केलेला नसताना अहवाल पाहिल्याचा संदेश आला, तर आपल्या नावाने कोणी कर्ज मागत असल्याची ती पहिली खूण असू शकते.

कायदा आणि भाषेचा हक्क

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींच्या मंजुरीने संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमतीविषयीच्या मुख्य तरतुदी अठरा महिन्यांनंतर, म्हणजे मे २०२७ मध्ये अमलात येतील. संमती मुक्तपणे दिलेली, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी, असे हा कायदा सांगतो. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी त्याची अट आहे. आवश्यकतेपेक्षा अधिक माहितीसाठी घेतलेली संमती त्या मर्यादेपलीकडे लागू होत नाही. कायद्याने उदाहरणच दिले आहे : दूरवैद्यकीय सेवेच्या ॲपने उपचारासाठीच्या माहितीबरोबर मोबाइलमधील संपर्क यादीही मागितली आणि वापरकर्त्याने दोन्हींस होकार दिला, तरी संपर्क यादी उपचारासाठी आवश्यक नसल्याने संमती केवळ उपचारासाठीच्या माहितीपुरतीच धरली जाईल. सुरक्षेची पुरेशी काळजी न घेणाऱ्या संस्थेला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

रिसालीसारख्या बहुभाषक शहरासाठी या कायद्यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. संमतीची विनंती स्पष्ट आणि सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असे कायदा म्हणतो. या अनुसूचीत २२ भाषा आहेत आणि मराठी त्यांपैकी एक आहे. हा हक्क राज्याच्या सीमेशी बांधलेला नाही. छत्तीसगडमध्ये राहणारा मराठी भाषक संमतीची विनंती मराठीत मागू शकेल. छत्तीसगढी मात्र आठव्या अनुसूचीत नाही. त्यामुळे तेथील ज्या रहिवाशांची घरची भाषा छत्तीसगढी आहे, त्यांना हा हक्क स्वभाषेत मिळणार नाही. त्यांना हिंदीवरच विसंबावे लागेल. आकडे, तारखा आणि कायदेशीर अटींनी भरलेला मजकूर परभाषेत वाचून दिलेला होकार कितपत ‘माहितीपूर्ण’ म्हणावा, हा प्रश्न त्यामुळे काही घरांपुरता तरी उरतोच.

अन्य देशांतही हाच प्रश्न वेगवेगळ्या रीतीने हाताळला गेला. ब्रिटनमध्ये ‘ओपन बँकिंग’ जानेवारी २०१८ मध्ये सुरू झाले. तेथे खात्याची माहिती पाहणाऱ्या सेवेला दर ९० दिवसांनी ग्राहकाची पुनःपुष्टी घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात २०२० पासून बँकांना लागू झालेल्या व्यवस्थेत व्यक्तिगत ग्राहकाची संमती कमाल १२ महिने टिकते. भारतातील संमतिपत्रात शेवटची तारीख असते. पण ती तारीख किती दूरची आहे, हे पाहण्याची जबाबदारी मोठ्या प्रमाणात ग्राहकावरच पडते.

संमतीच्या मुक्तपणाचा प्रश्नही शिल्लक आहे. कर्जाची निकड असलेल्या माणसापुढे ‘संमती द्या, अन्यथा अर्ज पुढे जाणार नाही’ असा पर्याय असेल, तर त्याचा होकार कायद्याच्या भाषेत मुक्त असला तरी व्यवहारात तो सक्तीचाच वाटू शकतो. अशा वेळी अन्य मार्गाने कागदपत्रे देण्याची सोय आहे का, अल्प मुदतीची संमती चालेल का, हे विचारण्यात गैर काही नाही.

तक्रार कोठे करावी?

संमतीविना माहिती वापरली गेली किंवा संमती रद्द केल्यावरही मागणी चालू राहिली, तर प्रथम संबंधित खाते संकलकाकडे आणि माहिती वापरणाऱ्या संस्थेकडे लेखी तक्रार करावी. खाते संकलकाने तक्रारीचे निवारण एका महिन्यात करणे अपेक्षित आहे. बँक वा वित्त कंपनीविरुद्धच्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेकडे विनामूल्य दाद मागता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. खात्यातून पैसेच गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला कळवावे. तक्रारीत संमतीची तारीख, संकलकाचे नाव आणि संमतिपत्राचा क्रमांक नमूद केल्यास छाननी सोपी होते.

घरातील वडीलधाऱ्यांची मोबाइलवरील कामे बहुधा मुले किंवा नातवंडे करून देतात. संमतीचा होकारही तीच देतात. खाते ज्याचे आहे, त्याला उद्देश, वारंवारिता आणि शेवटची तारीख एवढ्या तीन ओळी तरी मोठ्याने वाचून दाखवाव्यात. वर्षातून एकदा, आयकर विवरणपत्र भरण्याच्या वेळी, चालू असलेल्या संमतींची यादी उघडावी आणि ज्यांचे काम संपले आहे त्या रद्द कराव्यात. त्यासाठी पैसे लागत नाहीत आणि कोणाची परवानगीही घ्यावी लागत नाही.